रुग्णालयातील अहवालांवरून एखाद्या प्रदेशातील किती लोकांमध्ये विष निर्माण करणारा एमआरएसए (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जीवाणू) आहे, हे सांगता येते का?

नाही, अशा अहवालातील टक्केवारी तपासलेल्या जंतूंपैकी किती प्रतिरोधक निघाले एवढेच सांगते, प्रदेशातील किती माणसे त्यांची वाहक आहेत हे नव्हे. पू आणि रक्ताचे नमुने मुळात आजारी व्यक्तींचे, अनेकदा तर आधीचे उपचार लागू न पडलेल्यांचे असतात, त्यामुळे तेथे प्रमाण फुगलेले दिसते. निरोगी माणसांपैकी सुमारे ३० टक्के जणांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आढळतो, पण त्यात एमआरएसएचा वाटा सहसा लहान असतो. शिवाय प्रतिरोध आणि विष या स्वतंत्र गोष्टी आहेत: मेथिसिलिनला दाद न देण्याचा गुण बहुतांशी मेक-ए जनुकामुळे येतो, तर पांढऱ्या पेशी फोडणाऱ्या पीव्हीएल विषाची जनुके जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंमार्फत येतात, आणि ती मेथिसिलिनला बळी पडणाऱ्या जंतूंतही असू शकतात. म्हणूनच कोणते प्रतिजैविक लागू पडते हे पाहणाऱ्या नेहमीच्या संवेदनशीलता चाचणीत पीव्हीएल कळत नाही. बहुधा पीसीआर ही जनुके शोधणारी चाचणी करावी लागते. खरे प्रमाण हवे असल्यास यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या लोकांच्या नाकाचे, शक्यतो घशाचेही, नमुने तपासावे लागतात. अर्थात, संसर्ग झालेल्या रुग्णाला सुरुवातीला कोणते प्रतिजैविक द्यावे हे ठरवताना मात्र रुग्णालयाचीच टक्केवारी अधिक उपयोगी ठरते.