यादीतली तीस गावं खोड

इंदूर

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलांना शाळेतून काढून वर्षभर सगळ्यांनी मिळून फिरायचं आणि अभ्यास वाटेतच घ्यायचा, असं ठरलंय म्हणतेस. मी अडवणार नाही, आम्ही दोन वर्षं तेच केलं. पण सोबतची यादी बघून जीव धसकला. बारा महिन्यांत चाळीस गावं! यातली तीस आजच खोड.

आम्हीही आधी असेच धावलो. दर तिसऱ्या दिवशी सामान बांधायचं, गणिताची वही कुठल्या पिशवीत गेली ते शोधायचं. चार महिन्यांनी मुलाला विचारलं, काय काय पाहिलंस? त्याला बसमध्ये झालेली उलटी तेवढी आठवत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग चैत्रात उज्जैनला पंधरा दिवस राहिलो. सवाई जयसिंगांची वेधशाळा पहिल्या दिवशी पाऊण तासात उरकली. कर्कवृत्त इथून जवळच जातं, म्हणून 21 जूनला भरदुपारी तिथल्या शंकूची, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या दांड्याची, सावली जवळपास नाहीशी होते, असं मी सांगितलं आणि मुलीनं जांभई दिली. पण तिसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन धर्मशाळेच्या अंगणात काठी रोवली. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करत बसली. बाराला सावली सगळ्यात आखूड व्हायला हवी ना? झाली नाही. साडेबाराच्या सुमारास झाली. "आई, घड्याळ चुकतंय का गं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. मग नकाशा काढला. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. फरक पावणेसात अंशांचा, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. पावणेसात चोक सत्तावीस! गुणाकार तिनंच केला आणि अंगणभर नाचली. पहिल्याच दिवशी गाडी पकडून निघालो असतो, तर हे घडलंच नसतं.

म्हणून सांगते, एका ठिकाणी निदान तीन आठवडे राहा. महेश्वरला जाशील तर अहिल्यादेवींचा वाडा आणि घाट बघून लगेच परतू नकोस, मुलांना रोज सकाळी मागाजवळ बसू दे. लुगड्याच्या काठातली नक्षी धागे मोजून कशी उतरते, ते तिथं बोटांनी कळतं. आणि गाव कुठलंही असो, सकाळचे दोन तास वाचन-गणिताचे. त्यात सूट नको.

रात्री मराठी मोठ्यानं वाचून दाखव. आपण इंदूरकर, बाहेर पडलं की हिंदी आपोआप तोंडात येते. मराठी मात्र मुद्दाम जपावी लागते.

आता कागदपत्रं. निघण्याआधी शाळेतून टी.सी. घेऊन ठेव. आम्ही घेतली नाही, आणि परतल्यावर एका शाळेनं तेवढ्यावरून आम्हाला महिनाभर खेटे घालायला लावले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, ते लक्षात ठेव. थोरल्याची पुढं दहावी करायची झाली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) आहेच. वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, म्हणजे एकेक विषय सावकाश काढता येतो. त्याची धास्ती घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मला नीट साधली नाही. मुलांना सवंगडी मिळाले नाहीत. माझी मुलगी संध्याकाळी दुसऱ्यांची लंगडी बघत कठड्यावर बसून राहायची, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. मुक्काम मोठा ठेवलास तर तुझ्या मुलांना चौथ्या दिवशी तरी कुणी खेळायला बोलावेल.

रविवारी मुलांना घेऊन पोहे खायला ये. सावलीची ती वही मी काढून ठेवली आहे.

तुझी,
मावशी