माजी सैनिकाला तलाठ्याची जागा थेट मिळते का?

(सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा फौजेत नाईक आहे. पुढच्या वर्षी २२ वर्षांची मुदत पूर्ण करून, वयाच्या ४१व्या वर्षी तो पेन्शनवर घरी येतोय. शिक्षण दहावी. वडील लिहितात: "सरकारनं कायदा केलाय, माजी सैनिकाला आता तलाठी थेट करतात, असं गावात बोललं जातंय. तालुक्याच्या गावातला एक जण साठ हजार मागतोय, म्हणतोय फाईल पुढं सरकवतो. द्यावेत का? सिक्युरिटीत मात्र त्याला पाठवायचं नाही.")

नमस्कार काका,

साठ हजार देऊ नका. आधी हे लिहितो, कारण बाकीचं पत्र वाचेपर्यंत तो माणूस पुन्हा घरी चहाला येऊन बसायचा. माजी सैनिकाला थेट तलाठी करणारा कायदा महाराष्ट्रात नाही. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण भरती परीक्षेनंच होते. त्यात सरकवण्यासारखी फाईल कुणाकडे नसते.

गावात जे बोललं जातंय त्याला थोडा आधार आहे. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड पदांमध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी १९७९ चे वेगळे नियम आहेत, तिथं गट क मध्ये १० टक्के. या तरतुदींनी माजी सैनिकांची रांग वेगळी केली. त्या रांगेत उभं राहून पेपर मात्र द्यावाच लागतो.

'समांतर' म्हणजे काय ते नीट कळलं पाहिजे, कारण बरीच मुलं इथंच फसतात. या १५ टक्के जागा एका ठिकाणी काढून ठेवलेल्या नसतात. खुला, ओबीसी, अनुसूचित जाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत त्या वाटलेल्या असतात. जाहिरातीतला तक्ता उघडून आपला जिल्हा, आपला प्रवर्ग आणि त्यापुढचा माजी सैनिकाचा रकाना बघायचा. तिथं शून्य असेल तर त्या जिल्ह्यात आरक्षणाचा उपयोग नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत एका उमेदवाराला एकाच जिल्ह्यात अर्ज करता येत होता. घराजवळ म्हणून साताराच धरून बसण्यापेक्षा दोन जागा असलेला लांबचा जिल्हा बरा. बावीस वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला गडचिरोली किंवा नंदुरबार काय लांब!

आणखी एक गोष्ट. माजी सैनिकाचा पात्र उमेदवार मिळाला नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते, पुढच्या भरतीसाठी राखून ठेवत नाहीत. अशा जागा दरवेळी जातात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. सरकारनं सवलत कागदावर दिली, पण ती घ्यायला माणूस तयार करण्याची जबाबदारी कुणी उचलली नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी कायदे करून सैन्यातलं प्रशिक्षण आणि अनुभव नागरी व्यवसायाच्या परवान्यासाठी धरायला सुरुवात केली. आपल्याकडे भर जागा राखण्यावरच राहिला. फौजेतला नर्सिंग असिस्टंट किंवा इंजिन उघडणारा मेकॅनिक बाहेर आला की त्याच्या हातातल्या कामाला कागद नसतो. हे बदलायला हवं असं माझं मत आहे. तोवर आहे त्यातून वाट काढू.

वयाची काळजी सोडा. राज्याच्या भरतीत माजी सैनिकाला वयोमर्यादेत झालेल्या सेवेइतकी अधिक ३ वर्षं सूट मिळते. मुलाच्या ४१ मधून २२ आणि ३ वजा केले की १६ उरतात. वय आडवं येत नाही. तो पदवीधर नाही, त्याचीही सोय आहे. पदासाठी पदवी मागितली असली तरी १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक दहावी पास असेल, किंवा त्याच्याकडे इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असेल, तर तो अर्ज करू शकतो. तांत्रिक आणि व्यावसायिक अनुभवाच्या पदांना हा नियम लागत नाही. बँकांच्या क्लार्क भरतीतही माजी सैनिकांसाठी अशीच सोय आहे, तीही डोळ्यासमोर ठेवा.

अडतं ते पेपरात. २०२३ चा तलाठीचा पेपर २०० गुणांचा होता: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता-अंकगणित, प्रत्येकी २५ प्रश्न. माझ्याकडे येणारे जवान गणितात फार मागे नसतात, सामान्य ज्ञान तर चांगलंच असतं. ते मराठीत गळतात. वीस-वीस वर्षं युनिटमध्ये हिंदी बोललेलं असतं. प्रयोग ओळखा, समास सोडवा, शुद्ध शब्द निवडा म्हटलं की थबकतात. एकानं माझ्यासमोर सराव पेपरात 'पाणी'ला 'पानी' लिहिलं आणि स्वतःच हसला. म्हणून मुलाला सांगा, आत्तापासून फोनवर बातम्या मराठीतच वाच आणि शाळेचं व्याकरणाचं पुस्तक पुन्हा काढ. घरात नातवंडं असतील तर त्यांच्याच पुस्तकांवर भागेल. एमएस-सीआयटी झालेली नसेल तर तीही उरकून घ्यावी, मागाहून धावपळ नको.

हे सगळं घरी आल्यावर बघू असं म्हणू नका. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून, सेवेत असतानाच अर्ज करता येतो. म्हणजे त्याचं वर्ष आत्ता सुरू आहे. शिवाय पुनर्वसन महासंचालनालय, फौजेच्या बोलीत डीजीआर, निवृत्तीआधी २४ आठवड्यांपर्यंतचे कोर्स देतं. जवानांना त्याची फी पडत नाही. अर्ज युनिटमार्फत जातो, त्यामुळे आज रजेवर असला तर परत गेल्या गेल्या हेडक्लार्कला भेटायला सांगा. तुम्ही त्याचा ट्रेड, म्हणजे फौजेतलं नेमकं काम, कळवला नाही. ड्रायव्हर असेल तर आरटीओतून नागरी परवाना आणि त्यावर अवजड वाहनाची नोंद सेवेत असतानाच करून घ्यावी.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण नोकऱ्या इथंच अडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, फौजेच्या कागदांवर बहुधा शेवटी, आणि मधलं नाव कधी असतं, कधी नसतं. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, हातात पडण्याआधी नाव, जन्मतारीख, बायकोचं नाव आणि मुलांच्या जन्मतारखा आधारशी आणि शाळेच्या दाखल्याशी ताडून बघायला सांगा. फरक असला तर युनिटमध्ये असताना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलण्याचा युनिटचा लेखी आदेश, काढून दुरुस्त होतो. घरी आल्यावर त्याच एका अक्षरासाठी रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. आला की साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र, दोन्ही लगेच करून टाका. माजी सैनिकांना घरपट्टी माफ करण्याची राज्याची योजना २०२० पासून आहे, तिची चौकशी तिथंच आणि ग्रामपंचायतीत करा.

एक धोक्याची सूचना. केंद्राच्या नियमानुसार माजी सैनिक म्हणून आरक्षणातून एकदा नियमित सरकारी नोकरीत रुजू झालं की पुढच्या नोकरीसाठी ते आरक्षण राहत नाही. मात्र रुजू होण्याआधी भरलेल्या अर्जांची यादी रुजू होतानाच नव्या कार्यालयाला लिहून दिली, तर त्या अर्जांपुरता हक्क टिकतो. ही यादी बहुतेक जण देत नाहीत. मिळेल ती शिपायाची नोकरी घाईनं धरणारा इथं पस्तावतो. पेन्शन चालू राहणार आहे, तेव्हा वर्षभर थांबून अभ्यास करणं तुमच्या घराला परवडेल. हे मी सगळ्यांना सांगत नाही, कर्ज असलेल्यांना तर मुळीच नाही.

सिक्युरिटीबद्दल तुमचा राग समजतो. पण दार पूर्ण बंद करू नका. खाजगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात माजी सैनिकाला प्राधान्य देता येईल असं लिहिलंय, द्यावंच लागेल असं नाही. म्हणून एजन्सीवाले नाईकाला आणि कोऱ्या पोराला एकाच पगारावर गेटवर उभं करतात. त्यापेक्षा पुण्याच्या मेस्कोत, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळात, नाव नोंदवावं. बँकांच्या सशस्त्र रक्षकांच्या जागांवरही लक्ष ठेवावं, तिथं माजी सैनिकच लागतात. गेटवर बारा तास उभं राहण्याची नोकरी शेवटी ठेवा.

मुलाशी बोलून पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा: त्याचा ट्रेड, तुमचा जातप्रवर्ग, आणि घरापासून लांब राहायची त्याची तयारी आहे की नाही. तिसरं त्यालाच विचारा काका, त्याच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. मग कोणत्या जाहिरातीला अर्ज करायचा ते नक्की सांगता येईल.