पुलपिटावर उभं राहण्याआधी

प्रश्न : आमच्या मेथोडिस्ट चर्चच्या पाळकांकडे पाच गावं आहेत. महिन्यातून एकच रविवार ते आमच्याकडे येतात. बाकीच्या रविवारी पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभं राहून मी उपदेश करावा असं ते म्हणतात. मी दहावीपर्यंत शिकलेली, रोजंदारीनं शेतात जाते. मला हे चालेल का? परवानगी कुणाची लागते?
— एक भगिनी, लातूर जिल्हा

उत्तर : चालेल, ताई. मेथोडिस्ट मंडळी अशाच माणसांवर उभी राहिली. १७४० च्या सुमारास लंडनमध्ये थॉमस मॅक्सफिल्ड हा पाळकपदाची दीक्षा न झालेला माणूस उपदेश करू लागला. ते थांबवायला मेथोडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली तातडीनं परतले, तेव्हा त्यांच्या आई सुझॅना यांनी आधी त्याचं ऐकून घ्यायला सांगितलं. ऐकल्यावर वेस्लींनी त्याला अडवलं नाही. पुढे उपदेशक पारखताना ते तीन गोष्टी बघत : देवाची कृपा स्वतः अनुभवली आहे का, समजून सांगण्याचं दान आहे का, आणि ऐकणाऱ्यांत त्याचं फळ दिसतं का. यात शाळेचा दाखला कुठेच नाही.

परवानगी मात्र नीट घ्या. एखाद्या रविवारपुरता पाळकांचा तोंडी निरोप पुरतो. नेहमीचं काम असेल तर मंडळीच्या समितीत ठराव करून घ्या आणि पाळकांची लेखी शिफारस चर्चच्या जिल्हा अधीक्षकांकडे, म्हणजे पाळकांच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे, जाऊ द्या. पाळकांची बदली झाली किंवा मंडळीत दोन तट पडले की ‘हिला कुणी सांगितलं?’ हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा तो कागदच कामी येतो. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) हे दीक्षित पाळकांचंच काम. घरच्यांनी कितीही घाई केली तरी तिथे हात घालू नका.

प्रश्न : उपदेश किती वेळाचा असावा? तयारी कशी करावी? मी बोलतो तेव्हा लोक चुळबुळ करतात.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरे. चुळबुळीचं नेहमीचं कारण म्हणजे वचनांची गर्दी. बायबलच्या एका पुस्तकातून दुसऱ्यात उड्या : उत्पत्तीतून रोमकरांस, तिथून प्रकटीकरण. लोक पानंच उलटत बसतात. एकच उतारा घ्या. सोमवारी तो मोठ्यानं तीनदा वाचा आणि कुठे अडखळता ते बघा. ऐकणाराही बहुधा तिथेच अडतो.

येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घ्या, मत्तय १३. तिफणीनं पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : बी वाटेवर पडलंच कसं? त्या काळी तिकडे बी हातानं फोकत, म्हणून ते वाटेवर, काट्यांत, सगळीकडे जाई. हे एका वाक्यात सांगितलं नाही, तर तो पंधरा मिनिटं त्या वाटेवरच अडकून राहतो. दाखल्यातली खडकाळ जमीन मात्र त्याला शिकवावी लागत नाही. मुरमाड रानात पेर लवकर उगवते आणि पावसानं खंड दिला की आधी तीच माना टाकते. इतकं बोला आणि जरा थांबा. पुढचं त्याचं त्याला कळतं.

शनिवारी घरी घड्याळ लावून पूर्ण उपदेश उभ्यानं बोलून बघा. वीस मिनिटं झाली तर एक मुद्दा काढा. भरभर बोलून वेळ वाचवू नका. शास्त्रपाठाचा अध्याय-ओवी दोनदा सांगा आणि अर्धा मिनिट थांबा, म्हाताऱ्या माणसांना चष्मा लावून पान शोधायचं असतं. ‘मी काही शिकलेलो नाही, चुकलं तर माफ करा’ अशी सुरुवात टाळा, त्यानं लोकांचं लक्ष वचनावरून तुमच्यावर जातं. आणि गावातलं भांडण पुलपिटावर कधीच आणू नका. नाव घेतलं नाही तरी कुणाबद्दल बोलताय ते सगळ्या मंडळीला कळतं, आणि ज्याला उत्तर द्यायचं असतं त्याला तिथे उठून बोलता येत नाही.

प्रश्न : कागदावरून वाचलं तर चालतं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : चालतं, पण पूर्ण उपदेश लिहून आणू नका, मान खालीच राहते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात पाच-सहा ओळी लिहा आणि पहिलं व शेवटचं वाक्य पाठ करा. शेवट ठरलेला नसला की माणूस तेच तेच फिरवून बोलत राहतो.