तळ्यात माजलेले पाणकणीस खरोखर खाता येते का, की ते नुसते तणच आहे?

खाता येते, आणि एकच भाग नव्हे तर वर्षभरात आळीपाळीने चार भाग खाता येतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर एवढ्यावर संपले असते. परंतु तुम्ही शेवटी ‘की हे नुसते तणच आहे, यंत्र लावून काढून टाकावे?’ असेही विचारले आहे, आणि नेमक्या याच वाक्यावरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे बारा वर्षांपूर्वी जे बिनसले, ते अजून पुरते सांधलेले नाही. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

पाणकणसाला पुष्कळ जण रामबाण म्हणतात. संस्कृतातील ‘एरका’ ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. महाभारतातल्या मौसलपर्वात यादवांनी प्रभासक्षेत्री ज्या गवताने एकमेकांना मारले ते एरकेचे, आणि घरातल्या भांडणाला आपण ‘यादवी’ म्हणतो ते त्या प्रसंगावरूनच. तेव्हा दोन सख्खे भाऊ याच वनस्पतीवरून भांडले, हे एका अर्थी परंपरेला धरूनच झाले म्हणायचे. (ते गवत मात्र नव्हे, पाने गवतासारखी दिसली तरी पाणकणसाचे कूळ वेगळे आहे.)

आमच्या शेतालगतच्या तळ्याचा जवळजवळ निम्मा भाग पाणकणसाने भरला होता. दादाचे म्हणणे असे की, ते पाणी पिते, गाळ धरते, डास पोसते आणि त्याचा कोणाला कवडीचा उपयोग नाही. तेव्हा जेसीबी बोलावून ते मुळासकट उपटावे. मी म्हणालो की, हे अन्न आहे. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या बिलांचिनो येथे सुमारे 30,000 वर्षांपूर्वीचे दळण्याचे दगड सापडले असून त्यांवर पाणकणसाच्या पिठाचे कण मिळाल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले आहे, म्हणजे माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधीपासून हे दळत आला आहे, हेही मी त्याला ऐकवले. त्यावर तो घरच्या सगळ्यांसमोर म्हणाला, ‘पुस्तकात वाचलेले अन्न पुस्तकातच शिजते.’ हे वाक्य मला लागले, आणि त्याच हिवाळ्यात मी फावडे घेऊन चिखलात उतरलो.

चिखलात आडवे पसरणारे त्याचे खोड अंगठ्याएवढे किंवा त्याहून जाड असते. बाहेरून ते तपकिरी आणि खवलेदार दिसते. साल काढली की आत पांढरा गाभा लागतो, आणि तो मोडू गेल्यास तुटत नाही, कारण त्याच्या आरपार सुंभासारखे दोर गेलेले असतात. पाने वाळून वरचे झाड विश्रांतीला गेले की त्यात पिष्ट सर्वाधिक असते; नवे कोंब फुटू लागले की ते साठवलेले पिष्ट कोंबांवर खर्च होते, म्हणून हिवाळा हाच त्याचा काळ. मी घमेलेभर खोडे उपटली, घासून धुतली, सोलली आणि बादलीतल्या गार पाण्यात हातांनी चुरत बसलो. पाणी दुधासारखे झाले. ते फडक्यातून गाळून ठेवले, तासाभराने वरचे पाणी अलगद ओतून दिले, पुन्हा पाणी घातले, पुन्हा निवळू दिले, आणि तळाशी ओल्या चुन्यासारखा जो थर राहिला तो वाळवल्यावर मोजून दोन ओंजळी भरला. सबंध सकाळ, दुखणारी कंबर आणि दोन ओंजळी पीठ! जे लोक ‘फुकटचे धान्य’ म्हणून या पिठाची तारीफ करतात, त्यांनी ते स्वतः एकदाही काढलेले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय मी घाईने एक खोड तसेच भाजून, तंतूंसकट चावून गिळले आणि रात्रभर पोट धरून बसलो. तंतू चोखून थुंकायचे असतात, हे मला माहीत होते. पण दादा समोर बसलेला असताना थुंकणे मला कमीपणाचे वाटले.

खरा विजय मला उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळाला, आणि तो परागामुळे. पाणकणसाच्या दांड्यावर खाली मादीफुलांचे जाड कणीस असते, जे पुढे तपकिरी होते आणि ज्यावरून आपण झाड ओळखतो, आणि त्याच्या वर नरफुलांचा बारीक तुरा असतो. हा तुरा पिकला की आठवड्याभराच्या आतच त्यातला पराग वाऱ्याबरोबर निघून जातो. मी आणि माझा मुलगा गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक दांडा वाकवायचो, तुरा कागदाच्या पिशवीत घालून तोंड मुठीत आवळायचो आणि झटकायचो. पिशवी उघडली की हळदीहून फिकट, इतकी तलम पूड निघायची की श्वास लागला तरी उडावी. दोन सकाळींत भांडेभर पराग जमला. तो चाळून किडे काढले आणि नेहमीच्या पिठात एक चतुर्थांश मिसळला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: पराग पाण्यात सहजी भिजत नाही, वर तरंगत राहतो, म्हणून तो आधी कोरड्या पिठात नीट कालवून घ्यावा आणि मगच पाणी घालावे. सिंधमध्ये आणि इराकच्या दलदलीत या परागाची पिवळी मिठाई करतात, न्यूझीलंडचे माओरी लोक त्याच्या वड्या भाजत असत; मी केल्या त्या साध्या पातळ पोळ्या. दादाने तीन खाल्ल्या, रंग छान आल्याचे म्हणाला, चौथी घेतली. तेव्हा मी सांगितले की, हे तुझे तण आहे. त्याने हातातला तुकडा ताटात ठेवला, पाणी प्यायला आणि उठून गेला. न सांगता खाऊ घालणे चूक होते, असे वहिनी आजही म्हणतात आणि त्यांचे बरोबर आहे. एखाद्याला परागाची ॲलर्जी असू शकते, हे तर मला तेव्हा सुचलेही नव्हते.

उरलेले दोन भाग सोपे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. वसंतात कोवळा कोंब गुडघाभर उंच झाला की बाहेरची पाने बाजूला सारून मधली दोन-तीन मुठीत धरावीत आणि सरळ वर ओढावीत. बुडाचा वीतभर पांढरा गाभा बुळबुळीत हाती येतो. तो काकडीसारखा लागतो, आणि माझ्या मते या झाडाचा सर्वांत खाण्याजोगा भाग हाच आहे. दुसरे म्हणजे कोवळे हिरवे कणीस: ते पानाच्या आवरणातून बाहेर पडण्याच्या सुमारास उकडावे आणि मधली काडी सोडून मक्याच्या कणसासारखे खावे. तपकिरी झालेले कणीस खाण्याच्या कामाचे नाही. त्याची म्हातारी मात्र उशांत भरता येते. फक्त अभ्रा घट्ट विणीचा हवा, कारण एकेका कणसात लाखाच्या वर बिया असतात आणि त्या केसांसकट बाहेर आल्या की घरभर होतात. पानांच्या चटया आणि खुर्च्यांच्या बैठका विणतात. सुगरण आणि पाणकोंबडी या दाटीत घरटी करतात, हाही मी उपयोगच मानतो. दादा मानत नाही.

दादाने पुढच्याच महिन्यात यंत्र लावले. अर्ध्या दिवसात तळे स्वच्छ झाले, आणि काठावर चिखलाने माखलेल्या खोडांचा माणसापेक्षा उंच ढीग लागला. दोन वर्षांत पाणकणीस पहिल्यापेक्षा दाट उगवले. याचे कारण साधे आहे: यंत्राने खोडे उपटण्याऐवजी तोडली, आणि चिखलात राहिलेल्या तुकड्यांतून नवी झाडे उठली, शिवाय उघड्या पडलेल्या ओल्या गाळात वाऱ्याने आलेल्या बिया रुजल्या. दादाने पुन्हा यंत्र बोलावले. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करतो की, उथळ तळे मोकळे सोडले तर पाणकणीस ते खरोखर गिळते. गाळ आणि कुजलेली पाने साठत जाऊन पाण्याची जमीन होते. म्हणून ‘अजिबात हात लावू नका’ असे म्हणणाऱ्यांच्याही बाजूचा मी नाही.

आता जे आधीच सांगायला हवे होते ते सांगतो. पहिली गोष्ट पाण्याची. पाणकणीस शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते आणि ते प्रामुख्याने मुळांत व चिखलातल्या खोडांत साठवते. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी ते मुद्दाम लावतात ते त्याच्या याच शोषण्याच्या गुणासाठी. तेव्हा तळ्यात कारखान्याचे, रस्त्याचे किंवा गटाराचे पाणी येत असेल, तर त्यातले काहीही खाऊ नका. उकळल्याने धातू जात नाहीत. आमच्या तळ्यात शेतातले खताचे आणि फवारणीचे पाणी उतरत होते आणि दादाने हा मुद्दा काढला होता. मी तो हसण्यावारी नेला, कारण तो दादाने काढला होता. दुसरी गोष्ट, पाणी दिसायला स्वच्छ असले तरी कच्चे खाऊ नका, कारण काही चपट्या कृमींच्या सूक्ष्म अवस्था पाणवनस्पतींना चिकटून असतात. कोंबसुद्धा शिजवूनच घ्या. तिसरी गोष्ट ओळखीची. कोंब लहान असताना पाणकणीस, वेखंड आणि विषारी आयरिस सहज एकमेकांसारखे दिसतात. वेखंडाचे पान चुरडले की उग्र वास येतो. आयरिसची पाने बुडाशी पंख्यासारखी चपटी असतात, तर पाणकणसाचे बूड गोलसर असते. तरीही मी एकच नियम पाळतो: गेल्या वर्षीचे तपकिरी कणीस त्याच गड्ड्यावर उभे दिसले, तरच हात घालायचा.

काढून टाकण्याचे म्हणाल, तर यंत्राची गरज नाही. पाणकणसाची पाने आतून पोकळ कप्प्यांची असतात, आणि चिखलात बुडालेल्या खोडाला लागणारी हवा त्या कप्प्यांतूनच खाली जाते. वाळलेली उभी पानेसुद्धा हे काम करत राहतात. त्यामुळे जेथे नको असेल तेथे वाळलेली आणि हिरवी सगळी पाने विळ्याने पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापावीत, कापलेली टोके हंगामभर पाण्याखालीच राहतील असे पाहावे आणि नवे कोंब वर आले की पुन्हा कापावेत. खोड गुदमरून कुजते. पाणी जेथून तळ्यात शिरते तेथला पट्टा मात्र राखावा, म्हणजे गाळ आणि खत तेथेच अडते. त्या पट्ट्यातले खायचे नाही, इतकेच. हे सगळे मी दादाला दुसरे यंत्र येण्याच्या आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितले होते. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ‘हेही पुस्तकातलेच ना?’ पुस्तकातलेच होते. तळ्याच्या दक्षिणेकडचा कोपरा मी पुढे स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कापला, आणि सात वर्षे झाली, त्या कोपऱ्यात पाणकणीस नाही. उरलेल्या तळ्यासाठी दादाने आतापर्यंत तीनदा यंत्राचे भाडे भरले आहे.