‘विकत घ्या’ हे बटण खरं बोलत नाही

तुम्ही विचारलंय, की सिनेमा-संगीत, राजकारण किंवा रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान यांबद्दल तुमचं असं कोणतं मत आहे, जे बहुतेकांना पटत नाही आणि तरीही तुम्ही त्यावर ठाम आहात?

माझं मत असं: ज्या ऑनलाइन दुकानात पैसे देऊनही वस्तू आपल्या मालकीची होत नाही, तिथे बटणावर ‘विकत घ्या’ लिहायला कायद्याने मनाई हवी. ‘भाड्याने घ्या’ लिहा, ‘परवाना घ्या’ लिहा. जे आहे ते लिहा.

मैत्रिणींमध्ये हे बोलले की हमखास ऐकू येतं, ‘एवढं काय मनाला लावून घेतेस? एकदा पाहिलेला सिनेमा परत कोण पाहतं?’ मीही पूर्वी असंच म्हणायचे. बाबा गेल्यानंतर म्हणेनाशी झाले.

बाबांची दोन कपाटं भरून पुस्तकं होती. समासात पेन्सिलीने टिपणं करायची त्यांना सवय. एखादं वाक्य आवडलं की शेजारी बारीक उभी रेघ, पटलं नाही की प्रश्नचिन्ह. ती पुस्तकं भावाने आणि मी वाटून घेतली, आणि आजही एखादं उघडलं की मी आधी समास वाचते. पण शेवटची काही वर्षं त्यांची नजर अधू झाली होती. अक्षर मोठं करता येतं म्हणून ते ई-रीडरवर वाचायचे. दोनशेच्या वर पुस्तकं त्यांनी तिथे घेतली, प्रत्येकाचे रीतसर पैसे मोजून. टिपणंही तिथेच. ते गेल्यावर आम्ही त्या दुकानाला कळवलं आणि विचारलं, की ही पुस्तकं आमच्या नावावर करून मिळतील का. उत्तर सौजन्याने लिहिलेलं होतं: खातं हस्तांतरित होत नाही, पुस्तकांचा परवाना फक्त खातेदारापुरता आहे. ज्याने ते लिहिलं त्याच्यावर माझा राग नाही. बाबांनी मान्य केलेल्या अटींत तसंच होतं. वाईट याचं वाटतं की बाबांना ते ठाऊक नव्हतं. ‘हे सगळं तुमच्यासाठीच ठेवतोय’ असं ते म्हणायचे.

हे एका दुकानापुरतं नाही. अ‍ॅपलने २०२१मध्ये चांगली सोय आणली: आपल्या पश्चात आपला डेटा कोणाला मिळावा, हे आधीच नेमून ठेवता येतं. फोटो मिळतात, संदेश मिळतात. विकत घेतलेली पुस्तकं, सिनेमे, गाणी मात्र त्यातून वगळलेली आहेत.

आणि मृत्यूपर्यंत थांबायचीही गरज नसते. जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल या ई-रीडरवरून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं परस्पर काढून घेतली. त्यात ‘१९८४’ ही कादंबरी होती. ज्याने ती आवृत्ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं, आणि ते खरं होतं. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. तरी माझं म्हणणं उरतंच. असं कागदी पुस्तक विकलं गेलं असतं, तर दुकानदार फार तर पुढची विक्री थांबवू शकला असता. घरी पोचलेल्या प्रतीला त्याला हात लावता आला नसता. एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणं केली होती. पुस्तक गेल्यावर ती कशाला अनुसरून होती तेच कळेना, आणि तो कोर्टात गेला.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते, कारण ती दिसतही नाही. २०२३मध्ये ब्रिटिश लेखक रोआल्ड डालच्या मुलांच्या पुस्तकांत प्रकाशकाने शब्द बदलले. ते बदल योग्य की अयोग्य, यावर जगभर वाद झाला. पण ज्यांनी जुनी ई-आवृत्ती आधीच घेतलेली होती, त्यांच्यापैकी काहींच्या यंत्रावरचा मजकूरही आपोआप बदलला, याची चर्चा त्यामानाने फार कमी झाली. तुम्ही बदलांच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, आपल्या कपाटातल्या पुस्तकातलं वाक्य रात्रीतून बदलावं हे कोणाला चालेल?

म्हणूनच मला हा प्रश्न यंत्रापेक्षा राजकारणाचा जास्त वाटतो. मालकी म्हणजे काय, हे शेवटी कायदाच ठरवतो. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीतच छापलं होतं, की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास हक्कभंग समजला जाईल. एका दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अंमल संपतो. जुन्या पुस्तकांची दुकानं तिथे ज्या तत्त्वावर चालतात ते हेच. डिजिटल फायलींच्या बाबतीत हे तत्त्व डळमळलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२मध्ये म्हटलं, की डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकता येईल. त्याच न्यायालयाने २०१९मध्ये ई-पुस्तकांना मात्र ती मुभा नाकारली. कागदी पुस्तक आणि ई-पुस्तक यांतला हा फरक वाचकाच्या आणि सार्वजनिक वाचनालयाच्याही दृष्टीने फार मोठा आहे. २०११मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने वाचनालयांना ई-पुस्तकं अशा अटीवर दिली, की २६ वेळा वाचकांना दिल्यावर परवाना संपेल, पुढे पुन्हा पैसे भरा. कागदी पुस्तक जीर्ण होतं, हे मान्य. पण फाइल जीर्ण होत नाही. तिचं जीर्ण होणं करारात लिहावं लागतं.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: नक्कल करता येऊ नये म्हणून फाइलीवर घातलेलं कुलूप काढलं तर चोरी वाढेल, लेखक-कलाकार उपाशी मरतील. लेखकांच्या पोटाची काळजी मलाही आहे, म्हणून तर मी पैसे देऊन घेते. पण संगीताकडे बघा. २००९मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानाने गाण्यांवरची कुलुपं काढली. विकत घेतलेलं गाणं तेव्हापासून साधी फाइल आहे, कुठेही साठवा, कुठेही वाजवा. संगीताचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. मग पुस्तकं आणि सिनेमे यांनाच कुलूप का, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

महिन्याचे पैसे भरून सिनेमे पाहण्याला माझा विरोध नाही, मीही पाहते. तिथे कोणी मला मालकीचं आश्वासन देत नाही, त्यामुळे महिनाअखेर एखादा सिनेमा यादीतून गेला तर तक्रार कशाची करणार?

थोडं काही हलतंय. कॅलिफोर्नियात २०२५पासून कायदा लागू आहे: मिळतो तो नुसता परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’सारखे शब्द वापरता येत नाहीत. पण ज्यांना कायमची, ऑफलाइन वापरता येणारी फाइल दिली जाते, त्या विक्रीला तो लागू नाही, आणि ते अगदी योग्य आहे. व्हिडिओ गेम खेळणारी मुलं तर याहून पुढे गेली. युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपनीने २०२४मध्ये ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम चालेनासा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. ‘या पिढीला राजकारणात रस नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी आता हेच उदाहरण देते.

माझ्यापुरता मी एक नियम केलाय. जे पुन्हा लागणार, जे कोणाला द्यावंसं वाटेल, ते कागदावर, डिस्कवर किंवा कुलूप नसलेल्या फाइलीत घ्यायचं आणि दोन ठिकाणी जपायचं. बाकीचं भाड्याचं आहे असं धरून चालायचं.

बाबांचा ई-रीडर माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुकानाचं उत्तर आलं त्याच आठवड्यात भावाने त्याचं वाय-फाय बंद केलं, पुस्तकं परस्पर पुसली जाऊ नयेत म्हणून. दर महिन्याला मी तो चार्ज करते, एखादं पुस्तक उघडते आणि त्यांची टिपणं वहीत उतरवून घेते. एकोणीस पुस्तकं झाली आहेत.