धक्का वादळानं नाही, मिठानं पाडला

प्रश्न : शापोरा नदीच्या तोंडाशी आमच्या वाड्याचा होड्या लावायचा लहानसा धक्का आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात त्याचं टोक खचलं, दोन खांब कलले. स्लॅबखालून सळया लोंबतायत. आता कुठे पैसे जमलेत. कंत्राटदार म्हणतो, ''खरवडून प्लास्टर मारू, पडलेलं एम-25 ताकदीच्या काँक्रीटमध्ये नवं करू, सिमेंट हात सैल सोडून घालू.'' ऐकावं का?
— एक वाचक, बार्देश

उत्तर : 'सळया लोंबतायत' एवढं वाचलं आणि बाकीचं उमजलं. वादळ एका रात्रीत सळई गंजवत नाही. समुद्राचं मीठ वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत फुगतं आणि वरचं काँक्रीट आतून फोडतं. लाट खालून स्लॅबवर आदळली, तेव्हा धरून ठेवायला तिथं फारसं काही उरलंच नसणार.

एखाद्या रविवारी ओहोटी बघून हातोडी आणि खडू घेऊन उतरा. ठोकत जा. 'टण्ण' वाजलं तर ठीक, 'ढब्ब' वाजलं तर वरचा थर आतून सुटलाय. तिथं खडूची फुली. सगळ्यात जास्त फुल्या भरतीच्या रेषेवर आणि तिच्या जरा वर पडतील, कारण तिथं काँक्रीट रोज भिजतं आणि रोज सुकतं. कायम पाण्याखाली असतं त्याला प्राणवायू मिळत नाही, ते बरं टिकतं.

आता प्लास्टर. विसरा! ठिगळ स्वच्छ असतं, पण शेजारचं जुनं काँक्रीट मिठानं भरलेलं, त्यामुळे ठिगळाच्या कडेलाच नवा गंज धरतो. फुल्यांच्या जागी सळईच्या मागेपर्यंत खोदायला हवं, बारीक झालेल्या सळया बदलायला हव्यात. कललेल्या खांबांवर मात्र पैसा घालू नका, नवे करा.

एम-25 घराला चालेल. भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठी काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 किमान एम-40 सांगतं, घनमीटरला किमान 360 किलो सिमेंट, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या 0.40 पटीहून जास्त नाही. म्हणजे 50 किलोच्या गोणीला 20 लिटर, वाळूतलं पाणी धरून. हात सैल सोडायचा तो पाण्याच्या डब्यावरच सुटतो, हा माझा अनुभव. गवंड्याला पातळ माल लागतो. त्यासाठी प्लास्टिसायझर, म्हणजे माल सैल करणारं रसायन घाला, पाणी नको. सिमेंट स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून घातलेलं घ्या, मीठ आत शिरायला वेळ लागतो.

माझीही एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका जेटीवर मे महिन्यात टँकर आला नाही, म्हणून मी खांबांवरची गोणपाटं नदीच्या खाऱ्या पाण्यानं भिजवू दिली. ''पाणी ते पाणीच,'' असं मुकादम म्हणाला आणि मला पटलं. पाच पावसाळ्यांत त्याच खांबांवर तांबडे ओघळ उतरले. नवं काँक्रीट गोड्या पाण्यानंच भिजवायचं. स्लॅग सिमेंट असेल तर 14 दिवस. टँकरचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा.

राहिलं कव्हर. सळई ते बाहेरचा पृष्ठभाग 75 मिलिमीटर, साधारण चार बोटं. सळईखाली खडीचा तुकडा सरकवायची खोड सगळीकडे आहे. काँक्रीट ओतताना तो निसटतो आणि सळई फळीला टेकते. त्याच मालाचे कव्हर ब्लॉक आधी पाडून ठेवायला सांगा.

किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी आताच मागा, म्हणजे पावसाळा सरल्यावर काम धरता येईल. नारळ फोडायला मला बोलावू नका. सेंट्रिंग बांधून, सळया लावून झाल्या की ओतायच्या आदल्या दिवशी कळवा. टेप घेऊन येतो.