गटात गाजरगवत माजलंय

प्रश्न : आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सुरुवातीला 80 जण होते, आता 900 आहेत. पूर्वीचे अ‍ॅडमिन फालतू फॉरवर्ड दिसला की लगेच काढायचे. त्यांनी ते सोडल्यापासून 'शुभ सकाळ' आणि औषधांच्या जाहिरातींचा पूर आलाय, जाणकार गप्प झालेत. माणसांचा गट जंगलासारखाच चालतो म्हणतात. त्याचा इथे काही उपयोग?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : आहे, आणि निम्मं निदान तुम्हीच केलंय. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किनाऱ्यावर जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी 1963पासून खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे सतत काढून टाकले. शिंपल्यांनी जागा बळकावली. 15 प्रजाती होत्या, त्यांच्या 8 झाल्या. तारामासे थोडेच, पण शिंपले खाऊन ते इतरांना जागा मोकळी ठेवत होते. तुमचे अ‍ॅडमिन तेच करत होते. आता ते काम एकट्याच्या गळ्यात नको. तिघे नेमा, वार वाटून द्या.

नुसतं काढून मात्र भागत नाही. गाजरगवत उपटून जागा उघडी ठेवली की पुढच्या पावसात तेच उगवतं, म्हणून तिथे टाकळ्याचं बी टाकतात. गटातला टाकळा म्हणजे ठरल्या वेळी येणारा कामाचा मजकूर. रोज सकाळी 8 वाजता चार-पाच गावांतलं तापमान, पाऊस आणि पानांवर दव किती वेळ टिकलं, एवढं पुरे. खाडा नको.

जाणकार बहुधा रुसलेले नसतात, कंटाळलेले असतात. 'पानावर डाग आलेत, काय मारू?' याला विसाव्यांदा कोण उत्तर देणार? प्रश्न कसा विचारायचा ते गटाच्या वर्णनातच लिहा : वाण, गोडी छाटणीपासून (फळं धरण्यासाठीची छाटणी) कितवा दिवस, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. खालची बाजू हवीच. डाऊनी म्हणजे केवडा रोगाचा वरून तेलकट पिवळा डाग दिसतो, पांढरी वाढ खाली असते. भुरी हा दुसरा रोग वरूनही राख भुरभुरल्यासारखी दिसते. त्या फोटोशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे असतो, आणि चुकलेल्या फवारणीचा खर्च बागायतदाराच्या माथी.

जंगलात पालापाचोळा कुजवायला बुरशी आणि वाळवी असते. तुमच्याकडे चांगली उत्तरं तशीच वाहून जातात. दर रविवारी एकानं ती छाटणीच्या दिवसांप्रमाणे लावून एका फाइलमध्ये टाकावीत. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून ते सगळ्यात आधी बंद पडतं. (वाळवीला कौतुक लागत नाही, माणसाला लागतं. तेवढं करत जा.)

प्रश्न : मग छाटणीच्या तारखेप्रमाणे वेगळे गट पाडावेत का?

उत्तर : नको. सटाण्याकडच्या अर्ली, म्हणजे लवकर छाटलेल्या बागांवर जे आधी दिसतं, त्याची खबर उशिरा छाटणाऱ्यांना मिळते ती बागा वेगवेगळ्या टप्प्यांवर असल्यामुळेच. सांगलीतल्या तासगावकडचे दोघे-तिघेही घ्या; जवळच्यांना ठाऊक नसलेली बातमी बहुधा अशा लांबच्या ओळखीतूनच येते. वेगळं काढायचंच असेल तर भाव आणि खरेदी-विक्री काढा.

प्रश्न : कधीच न बोलणाऱ्यांना काढून टाकावं का?

उत्तर : अजिबात नाही. ते वाचतात आणि वाचून फवारणी बदलतात. काढायचेच तर रोज बोलणारे जाहिरातदार काढा.